पानमळा सुनेला, पुढची खोली मंडळाला, तारीख सरकारला

मी, श्रीमती झुंबर रावजी म्हेत्रे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार निमगाव केतकी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या भांडणांचे काय करायचे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी बऱ्याच वेळा केले आहे, बहुतेक वेळा रागाच्या भरात. ते सगळे रद्द समजावे.

मी पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टर राजनंदिनीबाईंनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. मी दोन्ही सांगितले आणि शिवाय त्यांच्या दवाखान्यातले पेशंटचे बाकडे दुपारी उन्हात येते हेही सांगितले. त्यावर त्यांनी मुकाट्याने दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला दोघे येऊन गेले, त्यांची नावे पुढे येतील. होळी होऊन आठवडा झाला आहे, त्यामुळे पुढील शब्द शिमग्याचे समजून सोडून देऊ नयेत.

हे आत्ताच का, तर मागच्या चैत्रात मी मळ्यात चक्कर येऊन पडले. हृदय निम्मेच चालते, येणारा उन्हाळा झेपेल असे वाटत नाही, असे बारामतीच्या मोठ्या डॉक्टरांनी विशालला बाहेर नेऊन सांगितले. दार उघडे होते. हायकोर्टातली आमची पुढची तारीख जूनमध्ये आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या पलीकडे. मी अलीकडेच राहिले तर माझ्याबरोबर आमची याचिका जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

कलम १. घर. गावठाणातले तीन खोल्यांचे घर माझ्या मालकांनी, कैलासवासी रावजींनी, हयातीतच माझ्या नावे केले. त्यातल्या मागच्या दोन खोल्या आणि न्हाणी चिरंजीव विशाल याला. रस्त्याकडची पुढची खोली त्याला नाही. तिचे कलम पुढे आहे. तोवर त्याने तिथे टेप लावून मोजमाप घेऊ नये. मागच्या सोमवारी घेतले ते मी पाहिले आहे. श्री. दिग्विजय, जे गेली काही वर्षे सर्व फ्लेक्सवर ‘भावी’ आहेत, त्यांना तिथे जनसंपर्क कार्यालय काढायचे आहे, हेही मला ठाऊक आहे.

कलम २. पानमळा. अकरा गुंठे, बचत गटाच्या कर्जातून मी घेतलेला आणि मीच फेडलेला, सातबारा माझ्या एकटीच्या नावे. हा मळा मी सून मोना हिला देते. विशालने मनाला लावून घेऊ नये. त्याला पान खाता येते, उंच गेलेला वेल उतरवता येत नाही. मोनाला दोन्ही येते, शिवाय ती माझे ऐकत नाही, जे मळा सांभाळणाऱ्या बाईला आवश्यक आहे.

मात्र मळ्याबरोबर मळ्याचे नियमही जातात, म्हणून त्यांची वासलात इथेच लावते. आमच्याकडे पानमळ्यात चप्पल घालून शिरत नाहीत. वेल नाजूक, देवाचा मानलेला. पाळी चालू असलेल्या बाईनेही पाऊल टाकायचे नाही. त्यामुळे मळ्यात राबायला कायम आम्ही, पाळी गेलेल्या. विटाळ संपला की बाईच्या वाट्याला ऊन येते, ते असे. वेलाला ऊन लागू नये म्हणून आधी शेवरी लावतात, मग तिच्या सावलीत वेल चढवतात. वेलाला सावली हवी हे आमच्या खापरपणज्याला माहीत होते. बाईला हवी, हे सांगायला हायकोर्टात जावे लागले.

तरी मोनाने महिन्याचे तीसही दिवस मळ्यात जावे, पायात चप्पल घालून जावे, आणि उन्हाळ्यात बारा ते चार कोणालाही आत थांबवू नये. देवाचा काही आक्षेप असेल तर त्याने मला तिकडे विचारावे. मी तिथेच असेन.

कलम ३. पाने खुडायला अंगठ्यात घालायची पत्र्याची नखी, दोन नग. एक माझी, ती बारामतीला दिलेली माझी लेक संजीवनी हिला. खुडण्याचे काम ती जिभेने करते, नखी नुसती आठवण. दुसरी रंगूबाईची. ती कोणाला द्यायची नाही. ती पुढच्या खोलीत खिळ्याला टांगायची, कारण सगळे तिच्यापासून सुरू झाले.

रंगूबाई माझी सावडीची जोडीदारीण. आज ती माझ्या मळ्यात, उद्या मी तिच्या, असे आमचे तीस-बत्तीस वर्षांचे. दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या मळ्यात वेल बांधता बांधता ती खाली बसली ती उठली नाही. मी पाणी मारले, पदराने वारा घातला. तिच्या तळपायाला फोड आले होते, वांगे भाजल्यासारखे. सरकारी कागदावर कारण आले, वार्धक्य आणि हृदयक्रिया बंद. रंगूबाई बासष्ट वर्षांची होती आणि वय विचारणाऱ्याला पंचावन्न सांगायची. आपल्याला वार्धक्य झाले हे तिला कोणी वाचून दाखवले असते, तर ती उठून बसली असती.

कागदावर ‘ऊन’ लिहा म्हणून आम्ही तीन कचेऱ्या फिरलो. ऊन हा मृत्यूचा प्रकार आमच्या यादीत नाही, असे एकाने सांगितले. पंखा त्याच्या डोक्यावर होता.

कलम ४. याचिका. माझी शेजारीण करिमा तांबोळी, जिचा पानांचा गाळा बाजारात आहे, तिची नात अंजुम वकील आहे. तिने आम्हाला सांगितले की, परदेशात बर्फाच्या डोंगरांच्या एका देशात म्हाताऱ्या बायकांनी सरकारला मानवी हक्कांच्या कोर्टात खेचले, की हवा तापते आहे, तुम्ही पुरेसे करत नाही आणि त्यात आधी आम्ही मरतो. आणि त्या जिंकल्या. करिमा म्हणाली, “बर्फातल्या बायांना ऊन लागलं, मग आमी काय दगडाच्या हाय?” त्यावर आम्ही अकरा जणी जमलो. सर्वांची साठी उलटलेली. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना कळवावे की, बुद्धी त्यानंतरच मोकळी होते. तोवर ती स्वयंपाकात अडकलेली असते.

घटनेचे कलम एकवीस, जगण्याचा हक्क. त्यावर आमच्या मागण्या तीन. उन्हाने मेलेल्या माणसाच्या कागदावर ऊन लिहा. सरकारी कामावर भर उन्हाची सुट्टी द्या, मजुरी न कापता. आणि धूर कमी करण्याचे, झाडे राखण्याचे जे आराखडे तुम्ही दरवर्षी छापता, त्यांच्यापुढे तारीख लिहा. आम्हाला कोर्टात तारखा मिळतात, सरकारलाही एखादी मिळावी.

पहिल्या सुनावणीला आम्ही मुंबईला गेलो आणि तिथे आमच्याकडून एक चूक झाली. कोर्टाच्या दालनाच्या दारात आम्ही अकराही जणींनी सवयीने चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. अंजुमने कपाळाला हात लावला. सरकारी वकिलांनी लगेच उठून सांगितले की, हे सहानुभूती मिळवायचे नाटक आहे, आणि या बायका उन्हाला सरावलेल्या आहेत. सरावलेल्या, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. जज्जसाहेब मराठी होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि मला विचारले, “आजी, चपला का काढल्या?”

मी म्हणाले, “साहेब, पानमळ्यात शिरताना काढतो. आत जिवंत वस्तू असती.”

“आणि इथे?”

माझ्या आधी करिमा बोलली, “हितं आत काय हाय ते आजून कळलं न्हाय, म्हणून काढून ठिवल्यात.”

जज्जसाहेब हसले. मग आमच्या पायांकडे पाहिले आणि हसायचे थांबले. सरकारने सहा आठवड्यांत उत्तर द्यावे, असा हुकूम झाला. बाहेर आलो तर चपला नव्हत्या. बेवारस म्हणून झाडूवाल्याने उचलून नेल्या होत्या. मुंबईच्या डांबरावरून आम्ही अनवाणी गाडीपर्यंत चाललो. सरावलेल्याच की.

सहा आठवड्यांचे सहा महिने झाले, मग वर्ष. सरकार उत्तर देत नाही, मुदत मागते. दरम्यान अकरातल्या तिघी गेल्या. वार्धक्य, वार्धक्य, हृदयक्रिया बंद. सरकारी वकिलांचे काम सोपे आहे, नुसती वाट पाहायची.

मी अंजुमला म्हणाले, माझी याचिकेतली जागा मी मोनाच्या नावे करते. ती म्हणाली, “आज्जी, याचिका काय बांगडी हाय का काढून द्यायला? जगायचा हक्क जिचा तिचा. बाई गेली, तिचा हक्क गेला.” मग तिनेच वाट दाखवली. त्या बर्फाच्या देशातही एकेकट्या बाईचे कोर्टाने ऐकले नव्हते. त्यांच्या मंडळाचे ऐकले होते. मंडळाला हृदय नसते, त्यामुळे ते बंद पडत नाही.

कलम ५. पुढची खोली. म्हणून आम्ही ‘निमगाव ज्येष्ठ महिला मंडळ’ नोंदवले आहे, आणि जूनच्या तारखेला ते याचिकेत सामील व्हायचा अर्ज अंजुम देणार आहे. मंडळाला कायमचा पत्ता लागतो. सबब रस्त्याकडची खोली, पंखा आणि बाजेसह, मी या मंडळाला देते. तालुक्यातल्या कोणत्याही बाईला साठी पूर्ण होताच सभासद होता येईल. जात, धर्म, सासर पाहायचे नाही. तालुक्यात बायकांना साठी लागायची कधी थांबणार नाही, हे सरकारी वकिलांना कळवावे.

कलम ६. छत्री. श्री. दिग्विजय यांनी आम्हा सर्व जणींना छत्र्या वाटल्या. छत्रीवर त्यांचा फोटो आहे. गावच्या रस्त्याकडेची वडाची रांग रुंदीकरणात तुटली, तेव्हा नारळही त्यांनीच फोडला होता. त्यामुळे छत्री त्यांना साभार परत. उघडून द्यावी, म्हणजे फोटो उन्हात राहील.

कलम ७. विशाल. याला हे कलम नीट वाचून दाखवावे, मधेच फोन घेऊ देऊ नये.

बाळा, लोणी देवकरच्या कारखान्यात कामगार पुरवायचे काम तुला मिळणार, ते दिग्विजयच्या शब्दावर, आणि त्याचा शब्द माझ्या सहीवर, हे मला कळते. तू याचिका मागे घेण्याचा कागद घेऊन आलास, पंख्याखाली बसलास आणि म्हणालास, “आये, तू एकटी मागं सरलीस की बाकीच्या आपसूक सरत्यात. काय पडलंय तुला? तुझं आता किती ऱ्हायलंय?”

त्याचे उत्तर असे की, माझे थोडे राहिले आहे म्हणूनच. तुझी मोना अजून साठीला यायची आहे.

तू वाईट नाहीस. मी मळ्यात पडले तेव्हा तू मला पाठीशी धोतराने बांधून मोटरसायकलवरून बारामतीला नेलेस आणि वाटभर ओरडत होतास, ‘आये, बोलत राहा.’ मी बोलत राहिले. आता बोलत राहिले तर तुला अडचण होते.

कलम ८. दहावा. माझ्या दिवसांचा आणि कोर्टाच्या तारखेचा घोळ झाला, तर सर्व जणींनी तारखेला जावे. दहावा घरचे करतील. रडायला नंतर वेळ मिळेल, कोर्टाला दिवाळीची सुट्टी असतेच.

पिंड सकाळी आठच्या आत ठेवावा. हल्ली दुपारी कावळासुद्धा बाहेर पडत नाही. त्याला अक्कल आहे आणि त्याला सरावलेला म्हणणारे कोणी नाही.

कावळा शिवला नाही तर माझी कसली इच्छा राहिली, यावर चर्चा नको. रावजींच्या दहाव्याला असाच खोळंबा झाला होता. विशालने जिलबी कबूल केली, दिरांनी बांध सोडला, तरी कावळा येईना. शेवटी करिमाच्या मालकांनी कात-चुना लावून एक विडा ठेवला तेव्हा आला. माझे तसे नाही. मला विडा नको, जिलबी नको. विशालने पाण्यात उभे राहून, दिग्विजय हजर असेल तर त्याच्याकडे तोंड करून, एवढेच मोठ्याने म्हणावे, “आये, मंडळाच्या वाटंला मी जानार न्हाय.”

हे म्हणाला तर कावळा शिवेल. म्हणाला नाही तर दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेऊ नये. सगळ्यांनी घरी जावे आणि पिंड तसाच उन्हात राहू द्यावा. मी सरावलेली आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर लिहिले व सही केली. मंडळातल्या कोणाची साक्ष घेतलेली नाही, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. अंगठा देणार होते, कारण त्यावर नखीचा वण आहे आणि तो कोणाला काढता येत नाही, पण अंजुम म्हणाली की सहीच बरी.

(सही) झुंबर रावजी म्हेत्रे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. राजनंदिनी जगताप, निमगाव केतकी. लिहिणारी शुद्धीत होती. बाकडे सावलीत हलवले आहे.
२. (सही) कौसल्या भीमा शिंदे, राहणार अंथुर्णे. पुढच्या वर्षी साठ पूर्ण.

ठिकाण: निमगाव केतकी, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२६