माशांचं कपाट

२ मे १९७१, अकोले

आणलं! नगरपासून अकोल्यापर्यंत एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं, आणि एक काच तडकली नाही!

शाळेच्या लॅबमधलं जुनं फिश टँक. लोखंडी कडा, चार काचा, खाली पत्रा. मॅट्रिकची परीक्षा झाली, होस्टेल सुटलं. सायन्सच्या मिस म्हणाल्या, घेऊन जा, तूच तर माशांशी बोलत बसायचीस. मासे पाच. एक केशरी, बाकीचे चांदीसारखे. ते डब्यातून आले.

आईचं पहिलं वाक्य — "माणसांना झोपायला जागा नाही, आणि हे कशाला!" दुसरं — "जेवलीस का?"

मासे सध्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत. आई बरणीकडे बघते आणि गप्प बसते. म्हणजे भरपूर बोलते.

४ मे

या घरात सगळे इतके हळू का बोलतात ते आता कळलं. मी होस्टेलवर होते, मला धड कुणी सांगितलंच नव्हतं. काल सकाळी शाळेवर परत जाताना दादाने सांगितलं.

गेल्या वर्षी वहिनींना सातवा लागला आणि दादाने हौसेने शेजारच्या सहादेव सुतारकाकांकडून पाळणा करून घेतला. आणून टांगलासुद्धा. बाळ आलं, पण रडलं नाही. पाळणा तसाच काकांकडे परत गेला.

आता परत सातवा महिना. आईचा नियम — येणाऱ्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, नाव काढायचं नाही. दुपटं नाही. अंगडं नाही. डोहाळजेवणसुद्धा नाही! डॉक्टरीणबाईंनी वहिनींना कॉटवरून उठायची बंदी केलीय, म्हणून घोडेगावला माहेरीही जाता येत नाही. दादा समशेरपूरला शाळेवर, सुट्टीतही काम, शनिवारी येतो. वहिनी आपल्या भिंतीकडे बघत पडलेल्या. अर्धी भाकरी खातात, तीही आईच्या धाकाने.

दुपारी मी बरणी त्यांच्या उशाशी ठेवली. त्या कुशीवर वळल्या. बघत राहिल्या. "वन्सं, हा केशरी लई आगाऊ दिसतोय," म्हणाल्या. आणि संध्याकाळी दोन भाकरी!

ठरलं. टँक कॉटसमोर ठेवायचं. त्याला मजबूत कपाट पाहिजे. मी करणार.

७ मे

अण्णांनी साहेबांना विचारून पाटबंधारे ऑफिसातून पंपाचं रिकामं खोकं आणलं. जाड फळ्या, दणकट पट्ट्या. वर काळ्या अक्षरांत इंग्रजी.

हत्यारं मागायला सुतारकाकांकडे गेले. काकांची बायको छबूबाई दारातच — "माशास्नी माडी बांधतीस व्हय गं भिमे?" मी म्हटलं, हो, दोन मजली. "सुताराच्या दारी यायचं, करवत मागायची, आन लाकूड सवताच कापायचं! मग आमी काय खायाचं?" असं म्हणत करवत, रंधा, हातोडी, सगळं दिलं. वर चहा.

काका मान खाली घालून काम करत होते. पाळणा परत गेल्यापासून ते आमच्या उंबऱ्यात पाय ठेवत नाहीत.

१० मे

अंगठा सुजलाय. अण्णा — "इंग्लिश मिडियममध्ये खिळा कुठे असतो ते शिकवत नाहीत का?"

खूप हसले सगळे. वहिनीपण!

१५ मे

खालचं खोकं उभं राहिलं! चार उंच पाय, मध्ये कप्पा, कप्प्याला दार. त्यात माशांचं खाणं, जाळी, काच पुसायची फडकी. पुढच्या फळीवर 'धिस साइड अप' उलटं आलं. वहिनींनी विचारलं, काय लिहिलंय? म्हटलं, ही बाजू वर. "मग बरोबरच हाय की, माशांचं घर उलटंच असणार!"

आई येऊन कप्प्यातून हात फिरवून गेली. "आतून रंधा मार नीट. कुसळ राहता कामा नये."

"आई, आत माशांचं खाणं ठेवायचंय."

"मार म्हटलं ना."

१८ मे

भरलं! नदीवरून दहा खेपा तरी झाल्या असतील. वाळू धुऊन घातली, पाणवनस्पती लावली. उंची बरोबर तीन फूट, लायब्ररीच्या पुस्तकातली. मोजून मापून. कपाट हललं नाही! अण्णांनी टेकून बघितलं, मग हळूच पूर्ण भार टाकून बघितलं.

"दिसतंय का वहिनी?"

"छान दिसतात हो!"

आज झोपच येणार नाही.

२१ मे

मी गाढव आहे.

दुपारी वहिनींना गोष्ट वाचून दाखवत त्यांच्या शेजारी आडवी झाले. सहज समोर पाहिलं. कपाटाचं दार दिसलं. त्याच्या वर फळीची कड. त्याच्या वर पाण्याची नुसती चकाकी. मासा एकही नाही! तीन फूट म्हणजे उभं राहून बघणाऱ्याची उंची. पुस्तकात कोणी आजारी नव्हतंच.

"वहिनी, तुम्हाला मासे दिसतच नव्हते!"

"मधूनमधून शेपूट दिसायचं."

"मग छान छान काय म्हणत होता?"

"तुम्ही किती खपलात वन्सं. अंगठा बघा केवढा झालाय."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या केसांतून हात फिरवला. ज्यांना बरं वाटावं म्हणून मी हे करतेय, त्याच मला समजावत होत्या! मग एकदम माझा हात ओढून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. आम्ही दोघी काही बोललो नाही. बोलायचं नाहीच ना.

२२ मे

सगळं रिकामं केलं. मासे परत बरणीत. अण्णांनी पाय धरले, मी कापले. आई — "आता माशांना तळघर का?"

छबूबाई भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "ते पायाचं तुकडं मला दे गं. बंबात घालीन." दिले. जाड, चांगले तुकडे होते. बंबात कोण घालतं असलं लाकूड! पण हत्यारं त्यांची, कसं नाही म्हणू.

२३ मे

चारी पाय चार उंचीचे! ठेवलं की डुगडुग.

मग युक्ती काढली. वर परात ठेवली, काठोकाठ पाणी. वहिनी कॉटवरून हुकूम सोडत होत्या — "डावीकडून सांडतंय! आता उजवीकडून! अहो, खिडकीकडचा पाय घासा!" दादा शनिवारचा आलेला, तोही घासायला बसला. घासत घासत संध्याकाळ झाली. शेवटी परातीतलं पाणी गप्प राहिलं. वहिनींनी टाळी वाजवली. या घरात किती दिवसांनी टाळी वाजली असेल!

आता टँक बरोबर वहिनींच्या डोळ्यांसमोर. मी आधी स्वतः झोपून बघितलं, मग भरलं.

२४ मे

केशरी काचेला नाक लावून वहिनींकडे बघतो. त्या त्याच्याकडे. माझ्याकडे कोणी बघत नाही.

२८ मे

आईचं काहीतरी बिघडलंय. माशांच्या मागे लागलीय! जुनी मऊ लुगडी फाडून फडकी करते. काच पुसायला, म्हणे. चारी बाजूंनी दुमडून, बारीक टाके घालून. काच पुसायच्या फडक्याला टाके कशाला? कप्प्यात थप्पी लावून ठेवलीय. मी त्यातलं एक घेऊन काच पुसली तर केवढी ओरडली! "ते नको घेऊ, धुतलेलं आहे!" मग माझ्या जुन्या परकराने पुसली.

३ जून

सकाळी कळा. वेळ नव्हे ही, अजून बराच अवकाश आहे. डॉक्टरीणबाईंनी सुई दिली. कळा थांबल्या.

आई देवापाशी बसून आहे. अण्णा ऑफिसला गेले नाहीत. वहिनी नुसत्या टँककडे बघतात. मी विचारलं, काय बघता? "हा केशरी," म्हणाल्या, "पाण्यात किती निवांत हाय बघा. आतलं बी असंच असंल ना?"

मी म्हटलं, असंच असणार. मला काय माहीत! पण म्हटलं.

१६ जून

काही नाही. कपाट नीट उभं आहे. माझे हातच स्वस्थ राहत नाहीत, दाराला परत एकदा रंधा मारला.

९ जुलै

पहाटेपासून चाललं होतं. डॉक्टरीणबाई आत, आई आत, मी दाराबाहेर. रजा घेऊन आलेला दादा अंगणात फेऱ्या मारून मारून थकलेला. मग रडण्याचा आवाज! इतका मोठा की अण्णा खुर्चीवरून उठून उभेच राहिले.

आतून डॉक्टरीणबाई — "अहो, काही मऊ कापड आहे का घरात?"

आणि आई — "भिमे, कप्पा उघड!"

मुलगी आहे. काच पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली. कुठे एक टाका टोचत नाही.

थोड्या वेळाने छबूबाई आल्या. पदराखालून चार लाकडी पोपट काढले, दोऱ्यात ओवलेले, पाळण्यावर टांगायचे. रंगवलेले. एकाच्या पंखाखाली खोक्याचं काळं इंग्रजी अक्षर तसंच राहिलंय. मागे सुतारकाका. उंबऱ्यावर थांबले. आई म्हणाली, "या की आत, भावजी." आले.

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं! खरोखर माशांसाठी कपाट करणारी मी एकटीच.

१० जुलै

टँक हिरवं पडलंय. घरात काच पुसायला एक फडकं शिल्लक नाही.