बाबांचा आवाज कुणी धरलाय?

३ मार्च, मंगळवार

बाबांचा आवाज आज पुन्हा अडकला. त्यांनी टाइप केलं 'खिडकी लाव, वारा येतोय.' लॅपटॉप म्हणाला, 'खिडकी ला—' आणि गप्प!

घशाच्या ऑपरेशनआधी बाबांनी तासन्‌तास बसून स्वतःच्या आवाजात वाक्यं रेकॉर्ड केली, म्हणून त्यांनी टाइप केलेलं आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. आता ते आवाजाचं पॅकेज जुनं झालंय. लॅपटॉप आपला आपण अपडेट झाला, हे मागेच राहिलं.

दादाला फोन केला. म्हणे, "कंपनीचा तयार आवाज टाक ना. काय फरक पडतो?" बाबांनी ऐकलं आणि पाटीवर लिहिलं: 'त्याला म्हणावं, तयार बापच आण.'

पाटी मी वाचते, पण आईला दिसत नाही. बाबा लिहितात, ती विचारते, "काय म्हणाले गं?" मी ऑफिसला गेले की दोघं दिवसभर एका टेबलाशी मुकी. हे मी चालू देणार नाही!

४ मार्च

आधी बाबांच्या आवाजाची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, मग नवीन पॅकेज टाकलं. बाबांनी टाइप केलं, 'बोल रे पोपटा.' खणखणीत बोललं! मी टाळ्याच वाजवल्या.

संध्याकाळी पाहते तर आई हेडफोन मांडीवर ठेवून बसलेली. तिला स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम मुका झालाय. पेपर नाही, काही नाही. "राहू दे गं. त्यांचं चालतंय ना?" ती असं म्हणाली की समजावं, फार लागलंय.

५ मार्च

बाबांचा प्रोग्राम आधी सुरू केला तर आईचा गप्प. आईचा आधी केला तर बाबांचा गप्प. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याने मिटायचं!

आई म्हणाली, "त्यात नवीन काय? लग्न झाल्यापासून हेच चाललंय." बाबांनी टेबलावर बोटं आपटली. म्हणजे हरकत आहे.

दादा म्हणतो, नवा लॅपटॉप घे. नाही घेत जा! आता मी हट्टाला पेटलेय.

६ मार्च

हाफ डे टाकला. पॅकेज काढलं, परत टाकलं. येरे माझ्या मागल्या! या खेपेला मात्र स्क्रीनवरची सूचना नीट वाचली — 'ही आवाजाची फाइल दुसरा प्रोग्राम वापरत आहे.'

बाबांची फाइल! पण ती धरून बसलंय कोण? आईच्या प्रोग्रामला तर त्याचा स्वतःचा, बाईचा आवाज आहे. मीच बसवून दिला होता.

८ मार्च, रविवार

आई आंघोळीला गेली होती. तिचा हेडफोन कानाला लावून बातम्या सुरू केल्या. पाणीकपातीची बातमी होती. बाबा वाचत होते.

मला रडूच फुटलं. पाणीकपातीवर!

आई आली. माझं नाक ओढणं ऐकून समजली. "कळलं ना? अगं, ते टाइप काय करतात — चहा, हो, नको, खिडकी. पूर्वी अख्खा पेपर वाचून दाखवायचे, मधूनमधून शिव्या घालत. मग मीच आवाज बदलून घेतला. ते सेटिंग बोलतं की, ऐकत ऐकत जमलं. त्यांना सांगू नकोस हं. डोक्यावर बसतील!"

म्हटलं, परत बाईचा लावू का? "ती बया नको मला!"

मग काय! जुनं पॅकेज एकच फाइल दोघांना वापरू द्यायचं, नवं फक्त एकालाच देतं. भांडण एवढंच होतं. मी फाइलची दुसरी प्रत केली, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, तिला नाव दिलं 'आईसाठी', आणि आईचा प्रोग्राम त्या प्रतीकडे वळवला. दोन्ही एकदम सुरू केले. दोन्ही बोलले! मी स्वयंपाकघरापर्यंत नाचत गेले.

परत आले तर बाबा स्क्रीनसमोर उभे. फोल्डर उघडाच राहिलेला. ते किती तरी वेळ 'आईसाठी' या नावाकडे बघत होते.

९ मार्च

ऑफिसातून आले तर बाबा भराभर टाइप करतायत आणि स्पीकर गप्प! पुन्हा मेलं की काय? बॅग टाकून धावले.

आईच्या कानाला हेडफोन होता. चेहरा लाजून लाल झालेला. तिने मला हातानेच थांबवलं. "हात लावू नकोस गं. काही बिघडलेलं नाही."