काखेतली शिवण

११ जानेवारी

पुन्हा तेच! अंघोळ झाली, टॉवेल डाव्या दंडाला आतून लागला आणि कुणी तापलेली इस्त्री टेकवल्यासारखं झालं. टॉवेल जुना आहे, मऊ आहे. तरी. आणि काखेत बोट लावलं तर काही कळतच नाही — लाकडाला हात लावल्यासारखं. वर लाकूड, खाली विस्तव. असा हात घेऊन बाई हिंडते आहे.

ऑपरेशन उन्हाळ्यातलं. छातीतली गाठ गेली, तिच्या पाठोपाठ काखेतल्या गाठी काढल्या, मग किरणं घेतली. सगळे म्हणतात, सुटलीस. मीही म्हणते. मग हे काय मागे राहिलंय?

मिस्त्रींनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, दाराबाहेरून विचारलं, काय झालं. म्हटलं, साबण पडला.

१३ जानेवारी

आज एकच पँट आखूड केली. बस्स. डाव्या हातानं कापड पुढे सरकवायचं तर दंड अंगाला घासतो, आणि घासला की मुंग्या नाही, मुंगळे.

आमचं दुकान म्हणजे एकच लांब खोली. पुढे माझं कटिंगचं टेबल, मागे मिस्त्रींचा बाक — त्यावर दुरुस्तीला आलेली शिलाई मशीनं पोट उघडून बसलेली. तिथून ते माझ्या मशीनचा आवाज ऐकत असतात. आवाज थांबला की मान वर होते. मी कात्री शोधायचं नाटक करते.

काय माणूस आहे! लग्नाआधी माझं एक बिघडलेलं मशीन तीनदा दुरुस्त करून गेले. पहिल्यांदाच नीट झालं होतं. चौथ्यांदा आले तेव्हा मीच म्हटलं, आता मशीनचं नाव काढू नका, काय ते बोला.

१४ जानेवारी

वन्सं आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी बाईंचा आवाज तोच. म्हणाल्या, रिपोर्ट चांगला आहे ना? मग मनातून काढून टाक, मनाचे खेळ असतात. मी हो म्हटलं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा दुखणं परवडलं.

जाताना पिशवीतून एक छोटी उशी काढली. काखेत धरायला. स्वतः शिवलेली! आयुष्यात सुई हातात न धरलेली बाई. टाके असे, की एक पूर्वेला, एक पश्चिमेला. एका कोपऱ्यातून कापूस बाहेर डोकावतोय.

मनाचे खेळ म्हणतात आणि उशी शिवून आणतात.

उसवून नीट करावीशी वाटली. नाही केली. आत्ता काखेत तीच आहे.

२० जानेवारी

शेवटी सर्जनबाईंना खरं सांगितलं. मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, काखेतल्या गाठींच्या मधून एक नस जाते, दंडाच्या आतल्या कातडीला जाणारी. गाठी काढताना ती ओढली जाते, कधी तुटते. बऱ्याच जणींना होतं. बऱ्याच जणी सांगत नाहीत.

म्हणजे मी वेडी नाही! बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. दुखतंय म्हणून नाही. दुखतंय ते खरं आहे म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा — इतके महिने कुठे कुठे कारण शोधत होते. थंडी, वय, डोक्याखालची उशी, देव जाणे काय.

नसांची गोळी दिली आहे. आणि फिजिओकडे चिठ्ठी.

२४ जानेवारी

गोळीनं दुखणं थोडं झोपतं आणि मी पूर्ण झोपते. आज ग्राहकाचं माप घेता घेता पेंगले. कंबर लिहिली ती छातीच्या रकान्यात.

२९ जानेवारी

फिजिओ म्हणजे एक काडीसारखी पोरगी. मी मनात नाव ठेवलं — टाचणी. बारीक, ताठ, आणि बरोबर जागी टोचते. म्हणाली, काकू, तुमची कातडी स्पर्श विसरलीय, तिला पुन्हा शिकवायचं. आधी मऊ कापडानं चोळायचं, मग थोडं खरखरीत, मग आणखी. रोज, थोडं थोडं. घरी वेगवेगळी कापडं आहेत का?

मला हसू आवरेना. कापडं आहेत का म्हणे! अगं बाई, माझ्याकडे कापडांशिवाय दुसरं आहे काय?

३० जानेवारी

मखमलीचा तुकडा घेतला. डोळे मिटून हजार कापडांतून ओळखेन मी मखमल. दंडावर फिरवला — काचकागद! माझं बोट म्हणतं मखमल, माझा दंड म्हणतो काचकागद, आणि दोघंही माझेच. कुणावर विश्वास ठेवू?

दंडाच्या मागच्या बाजूला माझा हात पोचत नाही. टाचणी म्हणाली होती, घरातल्या कुणाला सांगा.

घरातल्या कुणाला. कुणाला म्हणजे कुणाला, एकच तर आहे.

२ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

ऑपरेशननंतर घरी आल्यावरची गोष्ट. त्यांनी मागून येऊन खांद्यावर शाल घातली आणि तसंच मिठीत घेतलं. मी किंचाळले. हातातला कप फुटला. त्यांचं तोंड तेव्हा असं झालं — जशी त्यांनीच सुरी चालवली. तेव्हापासून माझ्यापासून वीतभर लांब. पलंगाच्या कडेला असे झोपतात की कूस बदलली तर थेट जमिनीवर. रस्त्यात चालताना माझ्या उजव्या बाजूला. चहाचा कप माझ्या हातात देत नाहीत, समोर ठेवतात.

काळजीच आहे ती. मला कळतं. पण एवढी काळजी केली की माणूस काचसामान होतो.

५ फेब्रुवारी

झालं एकदाचं.

सकाळी ते माझ्या मशीनशी खुडबुडत होते. पाय काढून मशीन खाली बसवलं, म्हणजे मला हात उचलावा लागू नये. डाव्या बाजूला हात टेकायला एक गादीची फळी लावली. मला विचारलंही नाही. मी बसून बघितलं. बरोबर, सुतासारखं बरोबर. कधी माप घेतलं कोण जाणे, लांबूनच घेतलं असणार.

मी म्हटलं, छान झालंय. ते स्क्रू ड्रायव्हर पुसत बसले. मग खाली बघूनच बोलले, "मशीन असतं तर उघडून बघितलं असतं गं. तुझं काय दुखतं ते मला दिसत नाही. तू सांगत नाहीस. साबण काय रोज पडतो?"

मग मीही बोलले. दोन्ही कानांनी ऐकलं त्यांनी. इस्त्री, मुंगळे, लाकूड, काचकागद — सगळं. आणि शेवटी ते, जे बोलायचं नव्हतं. "हात दुखतो ते दुखतोच. पण तुम्ही लांब बसता ना, ते जास्त लागतं."

ते उठले, साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. वंगण नखातून जात नाही, ब्रशनं घासलं. माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "कापड कुठलं घ्यायचं?"

६ फेब्रुवारी

काय सांगावं! माझा नवरा मखमल अशी फिरवतो जशी घड्याळाची काच पुसतोय. मी म्हटलं, अहो, दाबा थोडं, मी मोडत नाही. तर म्हणाले, मोडलेलं दुरुस्त करायचं म्हणजे आधी हळूच.

दुखलं. दात आवळले. त्यांना लगेच कळतं, थांबतात. मी म्हणते चालू द्या. ते म्हणतात, थांब म्हटलंस की थांबणार. मी म्हणते, थांब म्हटलं नाहीये.

असं आमचं भांडण. बऱ्याच महिन्यांत इतकं छान भांडलो नव्हतो.

१७ फेब्रुवारी

मखमल आता मखमल लागते. निदान मखमलीची चुलतबहीण! आज फ्लॅनेलला बढती.

२६ फेब्रुवारी

टॉवेल अजून नको. टॉवेलचं नाव काढलं तरी दंड आक्रसतो. टाचणीला विचारलं, पूर्ण जाईल ना? तिनं गुळमुळीत उत्तर दिलं नाही, आवडलं मला. म्हणाली, कमी होईल. जाईलच असं नाही सांगत.

घरी येताना मिस्त्री म्हणाले, आवाज करत करत वर्षानुवर्षं चालणारी मशीनं मी बघितली आहेत.

बघा! ह्याला म्हणतात धीर देणं. पण मला धीर आला खरा.

६ मार्च

इतकी वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवते आणि स्वतःला टोचणारा कपडा मुकाट्यानं घालते आहे. कुठल्याही शर्टाच्या चार शिवणी कुठे येऊन भेटतात? काखेत! जिथे मला आग, तिथेच जाड गाठोडं. शिंप्यांच्या सगळ्या पिढ्यांनी ती जागा निवडली, कारण तिथे दिसत नाही. दिसत नाही, पण लागते त्याचं काय.

आज कागदावर मुंढा, बाही जोडायचा तो गोल, वेगळा कापून बघितला. बाही आणि अंगाची बाजू एकाच तुकड्यात. शिवण उचलून पाठीकडे न्यायची.

९ मार्च

पहिला फसला. हात वर केला की सगळा शर्ट वर. मिस्त्री हसले, मग माझं तोंड बघून थांबले, मग मीच हसले.

१५ मार्च

जमला! काखेत एकही टाका नाही, आतून धुवून धुवून तलम झालेलं मलमलचं अस्तर. सकाळी घातला आणि दुपारपर्यंत लक्षातच नव्हतं की अंगात काही आहे. वन्संनी उलटासुलटा करून बघितला, वही तपासल्यासारखा. म्हणाल्या, शाळेत असतीस तर पैकीच्या पैकी दिले असते. आणि मग हळूच, "मी ते मनाचे खेळ म्हणाले होते, ते विसर." आयुष्यात कुणाला विसर म्हटलं नसेल त्यांनी. सगळं लक्षात ठेवायलाच सांगितलं.

२८ मार्च

टाचणीनं एक बाई पाठवली. शहरातली बस चालवते. माझ्यासारखंच ऑपरेशन, उजव्या बाजूचं. रुंद हाडाची, मोठ्या आवाजाची, पण पडद्याआड शर्ट काढताना लहान मुलीसारखी पाठमोरी झाली. मी माझी बाही वर केली आणि दंड दाखवला. मग ती वळली.

आज तिचा शर्ट तयार होता. घालून दुकानाच्या मधोमध उभी राहिली, आणि हवेत स्टिअरिंग फिरवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पूर्ण वळण. मिस्त्री मागून म्हणाले, बाई, ब्रेक लावा, पुढे माझा बाक आहे. ती हसता हसता रडली. मी पण. मिस्त्री मशीनच्या पोटात तोंड घालून बसले, पण तेल ज्या जागी घालत होते तिथे तेल घालत नाहीत.

७ एप्रिल

चोळताना मिस्त्रींचं बोट एका जागी थांबलं. काखेच्या खाली, व्रणाच्या शेजारी. मी हात लावला.

बारीक. कडक. हरभऱ्याएवढं.

दाबलं की वीज खाली कोपरापर्यंत.

८ एप्रिल

सर्जनबाईंनी लगेच बोलावलं. तपासलं, फोटो काढला, सुई घालून तुकडा घेतला. चेहरा वाचता येत नाही त्यांचा. मी फार प्रयत्न केला.

९ एप्रिल

वन्सं राहायला आल्यात, न विचारता, बॅगेसकट. सूप केलं. खारट. आम्ही तिघंही मुकाट प्यायलो. मग त्याच म्हणाल्या, खारट झालंय हे कुणी सांगणार आहे का मला? इतके हसलो की काय! आणि हसणं थांबल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

मी मिस्त्रींना सांगितलं, मला भीती वाटते. ते म्हणाले, मला पण. एवढंच. पूर्वी असतं तर मी साबण पडला म्हटलं असतं आणि ते बाकाकडे गेले असते. आज चहा गार होईपर्यंत तिथेच बसलो, शेजारी शेजारी.

१० एप्रिल

फोन नाही.

११ एप्रिल

फोन नाही. एका कोटाची कॉलर तीनदा उसवली. कापडाचा काही दोष नव्हता.

मिस्त्री आज चोळताना म्हणाले, काहीही निघालं तरी हे रोजचं बंद करायचं नाही. मी हो म्हटलं. टॉवेल घेतला होता आज. चोळून होईपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.

१२ एप्रिल

कॅन्सर नाही. तुटलेल्या नसेनं स्वतःच्या टोकाला मारलेली गाठ आहे — दोरा निसटू नये म्हणून आपण मारतो तशी. सर्जनबाई म्हणाल्या, जीवाला धोका नाही, पण दुखणं बहुतेक राहील. मिस्त्रींनी पुढचं ऐकलंच नाही. तिथेच, भरल्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी मला घट्ट आवळलं. डावी बाजू विसरले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग त्यांना आठवलं आणि ते दचकून सोडायला लागले.

मी म्हटलं, दुखतंय. सोडू नका.