आईच्या हीट पंपाचा वेग

पप्पा, बेलापूरच्या घरी आईसाठी पाणी तापवायला मी हीट पंप बसवला. तुमच्या वेळी असलं काही नव्हतं, म्हणून सांगते: फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या हवेतली गोळा करून टाकीतल्या पाण्याला देतो. डॉक्टरांनी आईला धूर पूर्ण बंद सांगितलाय, छाती भरून येते तिची. पण बाई ऐकेल तर! मी नगरला परतले की ती पंप बंद करायची आणि परसात चूल पेटवायची. मला वाटलं, आवाजाचा त्रास होत असेल. कॉम्प्रेसर धाडकन सुरू व्हायचा, आणि त्या झटक्यानं स्वयंपाकघरातला बल्ब क्षणभर मंद व्हायचा.

शेवटी विचारलंच. "आवाजाचं काय न्हाई गं," ती म्हणाली. "दिवा मंद झाला की वाटतं, पलीकडं ह्यांनी मोटार लावली. मंग मी उगं वाट बघत बसते. त्यापरीस चूल बरी."

पलीकडे म्हणजे तुमचं मोटार रिवाइंडिंगचं, जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान, घराच्या भिंतीला लागून. काम झालेली मोटार तुम्ही लावून बघितलीत की आमच्याकडे दिवा खाली जायचा, आणि आता तुम्ही जेवायला येणार म्हणून आई तवा ठेवायची. तुम्ही गेलात आणि दुकानाला कुलूप लागलं त्याला किती वर्षं झाली, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण खोकून खोकून ती अर्धी झाली होती, मला भीती वाटायला लागली होती.

चालत्या यंत्राला हात लावायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तरी लावला. मूळचा कॉम्प्रेसर एकाच वेगानं चालणारा, तो काढून तीन फेजचा बसवला आणि वेग कमीजास्त करणारी ड्राइव्ह जोडली. आता तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा झटका गेला. इथवर ठीक होतं. मग मला तुमची आठवण झाली. मी शाळेच्या गणवेशातच दुकानात उभी आहे, नव्यानं भरलेल्या मोटारीवर घाईघाईनं पूर्ण करंट सोडते, आणि तुम्ही गिऱ्हाइकांसमोर ओरडता, "आगं दमानं! हळू चालंल तेवढी जास्त जगंल!" म्हणून मी वेग अगदी खाली आणून ठेवला. दुपारपर्यंत कॉम्प्रेसर इतका तापला की हात ठेववेना. फार हळू चालवलं तर त्याच्या आतलं तेल फिरत नाही, पप्पा. तुमचं शहाणपण मोटारीपुरतं होतं. खालची मर्यादा वाढवली, तेव्हा कुठं तो गार राहिला. तुमच्याशी यावर भांडायला मला फार आवडलं असतं.

आई आता चूल पेटवत नाही. "पाणी कडत येतं, आन् दिवा जागचा हलत न्हाई," म्हणाली. खोकला उतरलाय. वाट बघतेस का, हे मी विचारलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एक सांगून टाकते. जुना कॉम्प्रेसर काढायच्या आधी, रविवारी आई चर्चमध्ये उपासनेला गेली होती तेव्हा, मी तो उगाचच एकदा सुरू केला. दिवा मंद झाला. मी भिंतीकडे तोंड करून, चांगल्या मोठ्या आवाजात, तुम्हाला जेवायला हाक मारली.