चाकांवरच्या स्वयंपाकघराचा खर्च

अप्पा, चार लाख साठ हजार रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण तो मनात असेपर्यंत मला दुसरं काही लिहिता येणार नाही. तुम्ही असता तर हातातला चहा खाली ठेवून विचारलं असतं, “एवढ्यात किती ट्रॉल्या आल्या?” एकच आली, अप्पा. तीही अशी, की तिच्यात उसाचं एक कांडं भरायचं नाही. आत झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि मोटारीमागं जोडून गावोगाव हिंडायचं. तुमच्या वेळी असलं खूळ आपल्याकडे कुणी ऐकलंही नव्हतं. आता मोबाईलवर लोक हसत हसत सांगतात, दीड लाखात घरच्या घरी बांधा. मी लोहाऱ्याच्या शाळेत गणित शिकवते, आणि तरी त्यावर विश्वास ठेवला. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तसं झालं. ही म्हण आपल्या शाकाहारी घरात म्हणायचीही चोरी होती, पण आज म्हणू द्या.

हौस माझी नव्हती. आईसाठी केलं. आईला बाहेरचं चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी नाही, आणि जेवण म्हणजे स्वतःच्या नाहीतर माझ्या हातचं, आपल्याच भांड्यातलं. माहेरच्या कानडीत ती या सोवळ्याला मडी म्हणायची. त्या मडीपायी ती लग्नाला गेली तरी संध्याकाळच्या एसटीनं उपाशी परत यायची. वेरूळचं देऊळ तिनं माझ्या शाळेच्या पुस्तकात पाहिलं होतं, एका दगडातून वरून खाली कोरत आणलेलं. त्या पानावर बोट ठेवून ती तुम्हाला म्हणाली होती, “हे बगायचं हाय मला एकदा.” तुम्ही म्हणालात, “सीझन संपू दे.” उसाचा सीझन दरवर्षी संपला आणि दरवर्षी ट्रॉल्या दुरुस्तीला आल्या. गेल्या वर्षी तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी घाबरले. म्हटलं, आई बाहेरच्या स्वयंपाकघरात जेवत नाही ना, मग तिचं स्वयंपाकघरच चाकावर घेऊन जाऊ.

नळदुर्गच्या आपल्या शेडमध्येच बांधलं. तुमच्या हाताखाली शिकलेला मिस्त्री आता ती शेड चालवतो. मी कागदावर चित्र काढून नेलं, त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, यात भरायचं काय?” मी म्हटलं, आई. तो हसला नाही, तुमच्या फोटोला हात जोडून कामाला लागला. आणि इथंच आम्ही दोघांनी माती खाल्ली. तुमचं एक वाक्य त्या शेडच्या पत्र्यालाही पाठ आहे, की ट्रॉली मोडल्यावर शिव्या खाण्यापेक्षा एक पट्टी जास्त मार. मिस्त्री प्रत्येक जोडाला थांबून माझ्याकडे बघायचा, मी म्हणायची, मारा अजून एक. खाली उसाच्या ट्रॉलीचं चॅनेल, तसलेच कमानीचे पाटे, तसलाच हुक. लोखंड किलोवर मिळतं हे मला तुम्हीच शिकवलं होतं, आणि मी मात्र बिलं बघून दरवेळी नव्यानं दचकत होते. त्यावर प्लायवूड, पत्रा, गादी, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज, सोलर, बॅटरी. आरटीओत पासिंगचा खर्च वेगळा. तिथल्या एजंटनं तर गंभीरपणे विचारलं, “मॅडम, यात ऊस किती टन बसंल?” सगळ्यात जास्त पैसे गेले स्वयंपाकघराला. आईला सवय आहे म्हणून ओटा कडाप्प्याचा केला, खरा दगड. चाकांवर कडाप्पा, अप्पा! वजनकाट्यावर नेलं तेव्हा काटेवाल्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, “रिकामीच हाय ना?” मला राग आला. उसाच्या गाड्या मोजणाऱ्याला यातलं काय कळणार, असं वाटलं.

निघालो त्या दिवशी आई नवं लुगडं नेसली होती. गादी सोलापुरात शिवायला टाकलेली, म्हणून आधी तिकडे गेलो, ती आत घातली आणि तामलवाडीवरून तुळजापूरच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर गाडी छान चालली. आई कौतुकानं सारखी मागं वळून बघत होती, लेकरू मागं येतंय ना बघावं तसं. घाट सुरू झाला आणि मोटार कण्हायला लागली. पहिल्या वळणावर जळका वास आला. आई म्हणाली, “मागं काय करपलं का गं?” मागं काहीच करपलं नव्हतं, पुढं क्लच जळत होता. गाडी थांबली, आणि मग हळूच मागं सरकायला लागली. मी दोन्ही ब्रेक दाबून धरले. एका टेंपोवाल्यानं उडी मारून चाकांमागं दगड लावले. आई तेवढं म्हणाली, “अय्यो शिवा.” वेरूळ राहिलं बाजूला, मी आईला पहिल्याच घाटात गमावत होते.

टेंपोवाल्यानंच आम्हाला हळूहळू मागं घेत घाटाखालच्या ढाब्यापाशी उतरवलं. तुळजापूरहून मेकॅनिक यायला वेळ होता. ऊन डोक्यावर आलेलं, आई सकाळपासून उपाशी. आता निदान स्वयंपाकघर तरी कामाला येईल म्हणून मी ट्रेलरमध्ये शिरले, कणीक भिजवली, तवा ठेवला. आईला हाक मारते, तर उत्तर नाही. मोटारीत नाही, झाडाखाली नाही.

ती ढाब्यात बसली होती, अप्पा. बाजेवर, मांडी घालून. समोर स्टीलचं ताट, ढाब्याचं. ज्वारीची भाकरी, डाळ, ठेचा. शेजारच्या बाजेवर दोन ट्रक ड्रायव्हर अंडी खात होते. ती भाकरी कुस्करत पोऱ्याला नाही, थेट मालकाला सांगत होती, “ठेचा आन जरा. तिखट हाय पर ग्वाड लागतोय.” माझ्या हाताला कणीक लागलेली, मी तशीच उभी. तुम्ही उठून समोर येऊन बसला असता तरी मला इतका धक्का बसला नसता.

“आई, तुला चालतं हे?”

“भूक लागली मला.”

“अगं, पण तुझी मडी?”

तिनं घास खाल्ला, पाणी प्यायली. मग म्हणाली, “तुज्या चुलत्याच्या लेकीचं लगीन आठवतंय का? न्हाय, तू तान्ही व्हतीस. मांडवात समद्यांनी तुज्या अप्पांना धरलं. बायकूला कुटं नेलं का कदी, का पट्ट्याच मारत बसनार? लई हसली मानसं. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मग म्याच बोलले, त्यांना कशाला बोलताव, मलाच बाहेरचं चालत न्हाय. गप बसली समदी.”

“आणि मग?”

“मग काय? बोलून बसले. मग पाळावं लागलं.”

मी शेजारी बसले. चाळीस वर्षं, अप्पा. लग्नांतून उपाशी परतणं, उन्हाळ्यात बरोबर नेलेली पाण्याची कळशी, माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला न येणं, सगळं एका मांडवात बोललेल्या एका वाक्यापायी. मला राग आला, रडू आलं, काय आधी येऊ द्यावं तेच कळेना. आणि एकदम तुमची घडीची शेगडी आठवली. एका संक्रांतीला तुम्ही शेडमध्ये बसून ती केली होती. पाय दुमडायचे, कडेला पूजेच्या डबीला खण, वर उचलायला कडी. हे घेतलं की कुठंही आपल्या हातचं होईल, असं तुम्ही आईला म्हणालात. तिनं ती हातात घेऊन पाहिली आणि “लोखंडाचा वास येतो” म्हणून माळ्यावर टाकली. तुम्ही परत शेडमध्ये निघून गेलात. मी ते विचारलं तर आई म्हणाली, “नेली असती तर त्यांना गिऱ्हाईक टाकून यावं लागलं असतं. ते आले असते गं. म्हणून तर.” मग माझ्या कणकेच्या हातांकडे बघून म्हणाली, “आन तू पन तसलीच. बापासारकी. म्या एक बोलले, तुमी दोगांनी लोखंडात वतलं.”

तुम्हाला ठाऊक होतं का, अप्पा? मी रोज विचारते आणि रोज वेगळं उत्तर देते. ठाऊक असेल तर शेगडी कशाला केली असती? आणि ठाऊक नसेल, तर तिनं ती माळ्यावर टाकल्यावर तुम्ही एकदाही तिला नीट का विचारलं नाही?

ट्रेलर आता पुन्हा शेडमध्ये आहे. मिस्त्री पट्ट्या कापतोय, तोंड असं करून, की जणू तुमच्याच अंगावर कटर चालवतोय. तरी वजन उतरेना. काल आई खुर्ची टाकून बघत बसली होती, ती म्हणाली, “ते सैपाकघर काडा की. त्येचंच वजन लई हाय.” कडाप्पा निघाला, फ्रिज निघाला, टाकी निघाली. राहिली फक्त गादी, आणि पूजेच्या डबीपुरती एक फळी. दिवाळीच्या सुट्टीत निघू. वाटेत कुठं कुठं जेवायचं याची चौकशी ती आत्तापासून शेडमध्ये येणाऱ्या ट्रकवाल्यांकडे करते आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि घरातही ठेवायचं नाही, कारण पहिल्याच ओळीत आकडा आहे. काल कडाप्पा भंगारापाशी टेकवताना आईनं मला सरळ विचारलं, “किती गेलं गं ह्यात?” तिचं तोंड इतकं उतरलेलं होतं, की मी पटकन म्हणाले, “दीड लाख.” बोलून बसले, अप्पा. आता पाळावं लागेल.