विषय : लंचच्या सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवणेबाबत

मिल्टन कीन्स,
रविवार सकाळ

घरापासून दूर राहणाऱ्या, आणि कुठल्याही फॉर्मवर ‘इमर्जन्सी कॉन्टॅक्ट’ हा रकाना आला की ज्यांचं पेन थबकतं, अशा तमाम बंधू-भगिनींनो! (म्हणजे सध्या फक्त तू, भावना. पण तीस वर्षं सभेला उद्देशून बोलल्यावर एकाच माणसाशी सुरुवात कशी करायची ते मी विसरलो आहे.) सप्रेम जय भीम. तुझी मान कशी आहे? अजयरावांची शुगर? आमच्याकडे सगळं ठीक. लता मजेत. सम्यकची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, संपली. आता तो दिवसातून चारच शब्द बोलतो आणि त्यातले तीन ‘बाबा’, ‘प्लीज’ आणि ‘नको’ हे असतात.

तू अकरा दिवस माझा फोन उचललेला नाहीस. व्हॉट्सॲपवर तुझा शेवटचा संदेश आहे : ‘दादा, अख्ख्या गावाने मला तुझ्याबद्दल विचारलं. फार्मसीत खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या माणसाने पण.’ त्यानंतर शांतता. म्हणून हे पत्र. पत्राचा फायदा असा की ते मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. अण्णांनी आपल्याला लिहिलेला कागद फाडायला शिकवलं नाही.) माझी बाजू पहिल्यापासून मांडतो. गुन्हा कबूल आहे, पण परिस्थिती ऐकून घे.

मुळात तुमची बदली झाली पर्थहून वॉलनूनाला, शाळेचं वर्ष अर्धं उलटल्यावर. ईशानीच्या हायस्कूलच्या प्रवेशाच्या फॉर्मवर तोच तो रकाना. गावात तुझी ओळख कोणाशी? एक घर दाखवणारा एजंट, दुसरी पाववाली. मग तू तिथे माझं नाव आणि माझा इंग्लंडचा नंबर लिहिलास. सगळे हसले, मी हसलो नाही. मी तरी सम्यकच्या फॉर्मवर कोणाला घातलं होतं? बेसिंगस्टोकच्या विक्रांतला! रस्ता मोकळा असला तर दीड तास, आणि रस्ता मोकळा असल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. शेजारी तेरा वर्षं राहतात, त्यांच्या कुत्र्याचं नाव मला ठाऊक आहे, त्यांचं आडनाव नाही. हे आपलं दोघांचंच दुःख नाही, हे आपल्या पिढीचं दुःख आहे, आणि यावर आजवर एकही परिषद झालेली नाही.

तर मे महिन्यातल्या त्या दिवशी सकाळी साडेसातला मी ऑफिसला निघालो होतो आणि राउंडअबाउटवर होतो. (मिल्टन कीन्समध्ये माणूस एकतर घरी असतो नाहीतर राउंडअबाउटवर.) गाडीच्या स्पीकरवर बाईंचा आवाज आला, वॉलनूना हायस्कूलच्या ऑफिसातून शेरिल बोलतेय, ईशानीचा नेटबॉल खेळताना पाय मुरगळलाय, आई-वडिलांचे फोन लागत नाहीत, तुम्ही तिला न्यायला येऊ शकाल का? भावना, मी मनापासून सांगतो, त्या क्षणी मला अंतर आठवलं नाही. मी म्हणालो, ‘येतो.’ मग तीन वेळा तोच राउंडअबाउट फिरलो, कारण कोणत्या एक्झिटने ऑस्ट्रेलियाला जायचं ते कळेना. शेवटी रस्त्याकडेच्या ले-बायमध्ये गाडी लावली. शेरिलने ‘किती वेळ लागेल?’ असं विचारल्यावर खरं सांगावं लागलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मग तुम्ही निदान तिच्याशी बोलत राहा.’

तू पोचेपर्यंत पन्नास मिनिटं मी आणि ईशानी बोलत होतो, आणि त्यात तिने मला जे सांगितलं ते तुला सांगायला मनाई होती. ती मनाई तिने गेल्या शनिवारी उठवली, म्हणून आज लिहितो. ती म्हणाली, ‘मामा, मी रोज लंचला लायब्ररीत जाते. तिथे एकटं बसलं तर कोणाला वीअर्ड नाही वाटत. सगळेच एकटे बसतात ना. तू आईला नको सांगू, ती टेन्शन घेते.’ मी गाडीत बसलो होतो, बाजूने लॉऱ्या जात होत्या, आणि ज्याच्या तोंडाला आणीबाणीतही कुलूप लागलं नसतं अशा माणसाने, म्हणजे मी, कबूल केलं : ‘नाही सांगत.’

त्या फोनपासून शाळेने मलाही पालकांच्या यादीत घातलं, आणि दर शुक्रवारी मला वॉलनूना हायस्कूलचं न्यूजलेटर येऊ लागलं. तू ते उघडत नाहीस, हे तू स्वतः कबूल केलं आहेस. तुमच्या गावात कोणीच उघडत नसावं. मी मात्र पहिल्या ओळीपासून छापणाऱ्याच्या फोन नंबरापर्यंत वाचतो. मला माहीत आहे की हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत एकोणीस स्वेटर आहेत आणि एक डावा बूट. मैदानावर साप निघाला, तो बिनविषारी होता, पण पीटीचे सर धावले ते विषारी समजूनच. शेतीच्या वर्गाने वाढवलेल्या मेंढ्याला, त्याचं नाव डंकन, जिल्ह्याच्या प्रदर्शनात दुसरा नंबर मिळाला. (पहिल्या नंबराच्या मेंढ्याचा फोटो मी बघितला. मला निकाल पटलेला नाही.) रविवारी बुद्धवंदना झाल्यावर आमच्या हॉलमध्ये चहाच्या वेळी मी त्यातल्या बातम्या सांगतो. लोक आता स्वतःहून विचारतात, डंकन कसा आहे?

आणि जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी, सरपटणाऱ्या प्राण्यांची सहल आणि डोक्यातल्या उवा या दोन सूचनांच्या मधोमध, दीड ओळ होती : देखरेखीला माणूस नसल्यामुळे पुढच्या टर्मपासून लंचच्या सुट्टीत लायब्ररी बंद राहील.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? ज्यांच्यामुळे तू आणि मी शाळेची पायरी चढलो ते बाबासाहेब इथे इंग्लंडमध्ये लायब्ररीचं दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसायचे, आणि आपल्या पोरीच्या लायब्ररीचं दार दीड ओळीत बंद होणार? उवांना सहा ओळी आणि पुस्तकांना दीड? अण्णांनी आपल्याला एकच गोष्ट शिकवली : तोंडी तक्रार हवेत जाते, लेखी निवेदन द्या, खाली सह्या घ्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. येरवड्याच्या आपल्या नळाला पाणी असंच आलं. मी निवेदन लिहिलं. चार पानं. चौदा मागण्या. (पहिली लायब्ररीची. बाकी तेरा ओघात आल्या. बारावी डंकनची होती.) लताने वाचलं आणि म्हणाली, ‘अहो, शाळा आहे ती, मंत्रालय नाही.’ सम्यकने वाचलं आणि त्याचे ते तीन शब्द वापरले.

सह्या रविवारी हॉलमध्ये गोळा केल्या, खिचडीच्या रांगेत, कारण रांगेतला माणूस नाही म्हणत नाही. त्रेसष्ट झाल्या. सगळ्यांना विषय कळला होता असा माझा दावा नाही. क्रॉयडनहून आलेल्या एका काकांना वाटलं हे हॉलच्या पार्किंगबद्दल आहे, आणि त्यांनी सहीपुढे ‘दोन गाड्या’ असं लिहिलं. विक्रांतने ‘बेसिंगस्टोक शाखा (नियोजित)’ असं लिहिलं. कागद रजिस्टर पोस्टाने गेले, ईमेलनेही गेले, आणि शेवटी विनंती होती की पोच शिक्क्यासह मिळावी.

आठवड्याने शेरिलचा फोन. आधी तिने विचारलं, हे त्रेसष्ट लोक सगळे ईशानीचे नातेवाईक आहेत का? मी खरं तेच सांगितलं, ‘एका अर्थाने, हो.’ मग ती म्हणाली की निवेदन प्रिन्सिपॉल बाईंनी वाचलं, लायब्रेरियननी वाचलं, स्टाफरूमच्या भिंतीवर लावलं आहे, आणि पहिली मागणी सगळ्यांना मान्य आहे. भावना, तीस वर्षांत समोरच्या पक्षाने पहिल्याच फटक्याला मागणी मान्य केल्याचा मला अनुभव नाही. माझ्याकडे खंडनाचे दोन परिच्छेद तयार होते, ते तोंडातच राहिले. शेरिल सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणते, ती पुढे म्हणाली, ‘भगवान, लव्ह, आम्हाला सह्या नकोत. चाळीस मिनिटं तिथे बसणारा एक मोठा माणूस हवाय. बस्स.’

मी तत्काळ स्वतःचं नाव दिलं. तुमची लंचची सुट्टी पावणेएकची, म्हणजे उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळचे पावणेसहा. मी लॅपटॉपवरून बसेन! शेरिलला ते इतकं विचित्र वाटलं की तिने एक दिवस चाचणी घ्यायला होकार दिला. त्या दिवशी लायब्रेरियन बाई स्वतः हजर होत्या, मी टेबलावरच्या स्क्रीनमध्ये होतो, इस्त्रीचा शर्ट, मागे पुस्तकांचं कपाट. सूचना एकच : लायब्ररी आहे, बोलायचं नाही. मी चाळीस मिनिटं गप्प बसलो! लता चहा करायला खाली आली, मला उघड्या डोळ्यांनी मुकाट बसलेलं बघितलं आणि घाबरून माझी नाडी धरली. पलीकडे आठ-नऊ पोरं होती. ईशानी खिडकीपाशी होती, तिने मला ओळखच दाखवली नाही, आणि तिचं बरोबर होतं. मध्येच एक पोरगा स्क्रीनजवळ येऊन लायब्रेरियनना म्हणाला, ‘मिस, हे काका बंद पडलेत का?’ दुसऱ्या दिवशी निर्णय कळला : स्क्रीनमधला माणूस कायद्याने मोठा माणूस धरता येत नाही.

आणि मग तो शुक्रवार आला, ज्यामुळे तुला तोंड लपवावं लागलं. न्यूजलेटरमध्ये माझं निवेदन छापून आलं. चार पानांच्या दोन ओळी करून! ‘इंग्लंडहून एका मामांनी लिहिलंय की आपली लायब्ररी मोलाची आहे. त्यांचं बरोबर आहे. आठवड्यातली एक दुपार कोणी देऊ शकेल का?’ बाबासाहेबांचा परिच्छेद गेला, उवांचा गेला, समारोप गेला. मी दिवसभर जेवलो नाही.

पण भावना, त्या दोन ओळींनी जे केलं ते माझ्या चार पानांनी केलं नसतं, हे मी मान तुकवून कबूल करतो. सोमवार ग्लेनिस नावाच्या बाईंनी घेतला. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली, आता निवृत्त. म्हणाल्या, मी पोरांना शाळेपर्यंत आणलं, आत काय चालतं ते कधी बघितलंच नाही. बुधवार एका निवृत्त पोलिसाने घेतला, गुरुवार चर्चमधल्या दोन बहिणींनी, शुक्रवार पाववालीने. हो, तुझ्याच पाववालीने. यातल्या एकानेही हो म्हणण्याआधी विचारलं नाही की हा मामा कोण, ही मुलगी कोणाची, कुठली. आपल्याला तर आयुष्यभर आधी तेच विचारलं गेलं. मी दार ठोठावायची, प्रसंगी तोडायची तयारी करून गेलो होतो, आणि आतल्या माणसांनी ‘या, बसा’ म्हटलं. मला भांडायची भाषा येते, आभाराची येत नाही. तीन मसुदे केले, तिन्हीत ‘अन्यथा’ हा शब्द आला. शेवटी सम्यकने माझ्या हातून लॅपटॉप घेतला, म्हणाला, ‘बाबा, फक्त थँक यू लिहा आणि खाली नाव,’ आणि तेवढंच पाठवलं. त्या दिवशी तो चार शब्दांच्या वर बोलला, हीसुद्धा तुमच्या शाळेचीच कृपा म्हणायची. गेल्या रविवारी आमच्या सभेने वॉलनूना हायस्कूलच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. या वेळी सगळ्यांना विषय माहीत होता.

तेव्हा राग सोड. तुझ्या गावात माझं हसं झालं असेल, पण त्या गावात ईशानीला आता पाच मोठी माणसं नावाने ओळखतात. वर्षभरापूर्वी एकही नव्हतं. अजयरावांना आणि ईशानीला आशीर्वाद.

तुझा,
दादा

ता. क. – पोच आली. शिक्क्यासह. शेरिलकडे शिक्का एकच आहे, ‘उशिरा आलेला विद्यार्थी’ असा. तिने तोच मारला. फ्रेम करायला दिली आहे.

ता. क. २ – हे लिहायला जिवावर येतंय. ईशानी गेले तीन आठवडे लायब्ररीत जातच नाही. नेटबॉलच्या दोन मैत्रिणींबरोबर मैदानावरच्या झाडाखाली बसते. मी शनिवारी विचारलं तर म्हणाली, ‘मामा, लायब्ररी इज सो बोअरिंग.’ मी त्रेसष्ट लोकांना अजून कळवलेलं नाही.

ता. क. ३ – आता खरं काम. ग्लेनिसबाईंचा ईमेल आला. सातवीत एक नवी मुलगी आली आहे, कोणाशी बोलत नाही, रोज ॲटलासच्या कपाटाजवळ बसून सँडविच खाते. (खायला बंदी आहे, ग्लेनिस तिकडे बघत नाहीत.) पण मंगळवार अजून कोणी घेतलेला नाही. मंगळवारी ती बंद दाराबाहेर पायरीवर बसून खाते. भावना, मंगळवारी तुझ्या फार्मसीला सुट्टी असते. भाषण नको, निवेदन नको. किल्ली शेरिलकडे आहे. येत्या मंगळवारी पावणेएकला जा, दार उघड आणि चाळीस मिनिटं तिथे बस.