प्रेमचं रक्त

मोहने

प्रिय दर्शना,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पोस्टाने पाठवतोय. पाकिटावरचा पत्ता तुझ्या आईकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू उघडलं नसतंस. एवढी लबाडी केली आहे.

प्रेमच्या जलदानविधीला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "आबा, तुम्ही मारलंत त्याला." तुझा विठ्ठलमामा तुला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. तू बोललीस ते खरं होतं, पण तुला निम्मंच माहीत आहे.

कंपनी बंद पडल्यापासून मी टिटवाळ्याच्या सोसायटीत वॉचमन आहे. शाळकरी पोरंही 'ए वॉचमन' म्हणतात. माझ्या मुलाने, प्रेमने, पोलिसाची खरी वर्दी घालायची, हे मी ठरवून टाकलं होतं. त्याला विचारलं नव्हतं. भरतीला सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत पाहिजे, त्याला सात लागायची. पहाटे मी त्याला आंबिवलीच्या मैदानावर न्यायचो. निघण्याआधी गार पाण्याच्या दोन बादल्या अंगावर, थंडीतही. पळून होईपर्यंत पाण्याचा घोट द्यायचा नाही, पोट जड होतं म्हणून. मी सायकलवर मागे, हातात वेताची छडी. वेग कमी झाला की पोटऱ्यांवर. तुझ्या आईला, शालनला, तो सांगायचा की हाडं आतून कोणी फोडतंय असं दुखतं. मी म्हणायचो, नाटकं आहेत. एकदा उठेनाच, तेव्हा केसांना धरून मोरीपर्यंत ओढत नेलं आणि डोकं नळाखाली दाबलं. तुझी आई मध्ये आली. तिच्याही कानाखाली मारली. तिने तुला हे कधी सांगितलं नसेल.

नोव्हेंबरात त्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मीच त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. हिमोग्लोबिन सात निघालं. मला वाटलं, पोरगा नीट खात नाही. मग दर रविवारी कलेजी, रोज बीट, लोहाच्या गोळ्या. एकदा त्याने ताटातच उलटी केली, तर जबडा धरून पुन्हा भरवलं. लोह कमी नव्हतंच त्याच्यात, हे आता कळलं.

त्या दिवशी तिसऱ्या फेरीला तो गुडघ्यांवर बसला. "आबा, दोन मिनिटं बसू द्या," एवढंच म्हणाला. मी पाठीवर छडी मारली. ती मोडली तेव्हा लाथ घातली, बरगडीत, बुटाने. तो आडवा झाला आणि त्याने माझा घोटा धरला. मी पाय झटकून सोडवला. त्याच्या तोंडातून फेस आला तरी मला खरं वाटेना. पळायला आलेल्या दोन पोरांनी मला मागे खेचलं, एकाने माझ्या तोंडावर ठोसा मारला. त्याच पोरांनी रिक्षा आणली. कल्याणला पोचेपर्यंत तो माझ्या मांडीवर गेला होता.

पोलिसांनी दोनदा बोलावलं. मग महिन्यापूर्वी शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल आला. सिकलसेल. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं की रक्तातलं हिमोग्लोबिन श्वास अंगभर पोचवतं. प्रेमचं जन्मापासून वेगळं होतं. अशा माणसाला तहान लागली, थंडी बसली, फार दमवलं, तर रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. पुढचं अंग श्वासावाचून मरायला लागतं, दुखतं ते त्यामुळे. दमवणं, गारठवणं, तहानलेलं ठेवणं, हेच मी पाच महिने रोज करत होतो. आता मामा म्हणतात, भाऊजी, आजार होता, तुमचा दोष नाही. शेजारचे चहाला बोलावतात. मी जातो आणि चहा पिऊन येतो.

तुला माहीत नसलेलं निम्मं आता सांगतो. नोव्हेंबरातच त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी लिहून दिली होती. प्रेमला बाहेर बसवून मला म्हणाले होते, तोवर पळवू नका. रक्ताचा आजार कागदावर आला तर भरतीच्या मेडिकलला बाद होईल, म्हणून मी ती चिठ्ठी दवाखान्याच्या दारातच फाडली. प्रेमला सांगितलं, डॉक्टर म्हणाले भरपूर पळव. त्याने विश्वास ठेवला. शालनला हे अजून माहीत नाही.

तुला दिवस गेलेत हे तिच्याकडून कळलं. आम्ही दोघांनी रक्त तपासून घेतलं. मी वाहक आहे, शालनही. आम्हाला काही त्रास नाही, पण दोघांचं मिळून ते प्रेमकडे गेलं. तुझ्यातही ते असू शकतं. ऋतुराजचं गाव शालनच्या माहेरच्याच भागातलं, तिकडे हे पुष्कळ घरांत आहे. तुम्ही दोघांनी याच आठवड्यात सिव्हिलमध्ये तपासणी करून घ्या. दोघांत निघालं तर बाळाचं आत्ताच बघता येतं, आणि बाळाला असलं तरी आधी कळलं म्हणजे उपचार करून सांभाळता येतं, असं बाई म्हणाल्या. सासरचे म्हणतील, आमच्या घरात असलं काही नाही. ऋतुराजही कदाचित नको म्हणेल. तेव्हा हे पत्र त्याला वाचायला दे, सगळ्यांना दे. नंतर पोलिसांकडे दिलंस तरी चालेल, खाली सही केली आहे.

तुझाच,
आबा